धान, हरळी आणि करपा : भंडाऱ्यातील गवतवर्गीय रोगांची ओळख आणि उपाय

धान हे मुळात गवत आहे. हरळी, गहू, ऊस आणि बांबू ज्या कुळातले, त्याच कुळातले. म्हणून मंगल कार्यालयाच्या लॉनवर पावसाळ्यात पडणारा गोल तपकिरी चट्टा आणि साकोलीच्या बांधीत चुडाच्या बुडाशी दिसणारा पर्णकोष करपा हे दोन्ही रायझोक्टोनिया सोलानी या एकाच बुरशीचे काम असू शकते. धानावरचा करपा पाडणाऱ्या बुरशीचा पसारा तर याहून मोठा आहे. १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये तिचा एक प्रकार गव्हावर आढळला, १९९१ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात तिने गोल्फच्या मैदानांवरचे रायगवत जाळले, आणि २०१६ मध्ये ती बांगलादेशातील गव्हावर पोहोचली. प्रत्येक गवतावर तिचे वाण वेगळे, पण वागण्याची तऱ्हा एकच. गवताच्या रोगांची तोंडओळख करून घ्यायची तर हौशी बागेपेक्षा धानाची बांधी अधिक शिकवते, कारण तिथे चुकीच्या ओळखीची किंमत पोत्यांत मोजली जाते.

भंडारा जिल्ह्यात भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी असे सात तालुके आहेत. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाल्यावरही जिल्ह्याचे खरिपाचे मुख्य पीक धानच राहिले. वैनगंगेचे खोरे, मालगुजारी तलाव, गोसीखुर्दचा कालवा आणि सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस यांमुळे पाणी भरपूर असते, पण ते एकाच वेळी आणि बेभरवशाने येते. जमिनीही एकसारख्या नाहीत. सिहार आणि मोरांडीत धान जोमाने येते, खरडी आणि बर्डीत पीक पहिल्याच खंडाला माना टाकते. एकाच शिवारात दोन बांध्यांना दोन वेगळे रोग होतात ते यामुळे. कृषी विद्यापीठाचे साकोली येथील संशोधन केंद्र आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाहीचे विभागीय केंद्र यांनी या भागासाठी वाण दिले आहेत. तरीही बाजारात भाव बारीक दाण्याला मिळतो, म्हणून एचएमटी, जय श्रीराम यांसारखे वाण आणि सुगंधी चिन्नोर शेतात टिकून आहेत. चिन्नोरसारखे उंच धान जास्त युरियावर लोळते आणि लोळलेल्या पिकात ओलावा कोंडून रोगाला आयती जागा मिळते.

रोग ओळखण्याची सुरुवात पानावरच्या ठिपक्यापासून करू नये. आधी बांधावर उभे राहून पिवळेपणा कसा पसरला आहे ते पाहावे. तो साऱ्या बांधीत सारखा असेल तर कारण बहुधा अन्नद्रव्याचे किंवा पाण्याचे असते. गोल गोल आळ्यांत असेल तर किडीचा संशय धरावा. पाणी शिरण्याच्या तोंडाशी किंवा एका कडेपासून आत सरकत असेल तर जिवाणू किंवा वाहून आलेली बुरशी तपासावी. त्यानंतर पीक उपटून पाहायचे. पिवळेपणा जुन्या पानांपासून वर चढतो की नव्या पानांपासून सुरू होतो, एवढ्याने अर्धी शंका मिटते. नत्र आणि पालाश कमी पडले की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देते, म्हणून खालची पाने आधी जातात. लोह असे हलत नाही, म्हणून त्याची उणीव नव्या पानावर दिसते. कृषी केंद्राच्या काउंटरवर मोबाइलमधला एका पानाचा फोटो दाखवून औषध मागितले जाते, त्यात नेमकी हीच माहिती नसते.

पऱ्ह्यांपासूनच काही रोग सोबत येतात. बियाणे तीन टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, बुडवून तरंगणारे पोचट दाणे काढून टाकायचे, उरलेले दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे आणि मग किलोला ३ ग्रॅम थायरम चोळायचे, ही प्रक्रिया जवळपास फुकट आहे. तरीही सर्वांत जास्त टाळली जाते तीच. गादीवाफ्यावर ओलावा कमी पडला की पऱ्ह्यांची नवी पाने पांढुरकी पडतात. ही लोहाची उणीव असते. त्यावर बुरशीनाशक मारून उपयोग नाही. पाणी दिले आणि अर्धा टक्का फेरस सल्फेट फवारले की पऱ्हे हिरवे होतात.

रोवणीनंतर दोन-तीन आठवड्यांत मधल्या आणि खालच्या पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके येऊन वाढ खुंटली तर तो खैरा रोग समजावा. नावात रोग असला तरी यात जंतू नाही, जस्ताची उणीव आहे. पंतनगरच्या य. ल. नेने यांनी १९६६ मध्ये तराईतील धानात हे सिद्ध केले, तोपर्यंत लोक त्याला बुरशीच समजत होते. सतत पाणी साचलेल्या, चुनखडीच्या बांध्यांत तो अधिक दिसतो. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट चिखलणीच्या वेळी द्यावे. पीक उभे असताना दिसला तर अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि पाव टक्का चुन्याची निवळी मिसळून फवारावी.

खैऱ्याशी गफलत होते ती तपकिरी ठिपक्यांची. बायपोलॅरिस बुरशीचे हे ठिपके गोलसर किंवा तिळाच्या आकाराचे असतात आणि त्यांच्याभोवती पिवळी कडा असते. हलक्या, भुकेल्या, पालाश कमी असलेल्या जमिनीत ते फोफावतात. १९४२ मध्ये बंगालमध्ये या रोगाची साथ आली. पुढच्या वर्षीच्या दुष्काळाची कारणे युद्धाच्या आणि सरकारी धोरणाच्या अंगाने आजही वादात आहेत, पण पिकाच्या नासाडीत या बुरशीचा वाटा होता, हे वनस्पतिरोगाच्या इतिहासात नोंदलेले आहे. खरडीवरच्या बांधीत दरवर्षी हे ठिपके येत असतील तर फवाऱ्यापेक्षा शेणखत आणि पालाशावरचा खर्च अधिक शहाणपणाचा.

करपा याच्या उलट, खाऊन-पिऊन सुखी पिकावर येतो. त्याचा ठिपका दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी असतो. गोल की निमुळता, एवढा फरक डोळ्यात बसला तर तपकिरी ठिपके आणि करपा यांत सहसा गल्लत होत नाही. करप्याचा बीजाणू पानावर चिकटला की एक काळपट, घुमटाकार पेशी तयार करतो. तिच्यात सुमारे ८० वातावरणांइतका दाब साठतो आणि त्या दाबाने बुरशी पानाची कातडी भोसकून आत शिरते. ट्रायसायक्लाझोल हे औषध त्या पेशीतला काळा रंग तयार होऊ देत नाही. रंग नसला की दाब टिकत नाही आणि बुरशी बाहेरच राहते. म्हणजे हे औषध बुरशी आत शिरण्याआधीच काम करते. राखाडी झालेले पान ते पुन्हा हिरवे करू शकत नाही, आणि ‘फवारूनही फरक पडला नाही’ या तक्रारीचे कारण बहुतेक वेळा हेच असते. ढगाळ दिवस, २० ते २५ अंशांच्या रात्री आणि पहाटेचे दाट दव अशी सप्टेंबरअखेरची हवा दिसली, पहिले ठिपके दिसले, की ७५ टक्के ट्रायसायक्लाझोल १० लिटरला ६ ग्रॅम किंवा ४० टक्के आयसोप्रोथिओलेन १५ मिली घ्यावे. तेव्हाच युरियाचा पुढचा हप्ता थांबवावा. हा दुसरा उपाय पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

नत्राचा हिशेब इथेच मांडलेला बरा. सुधारित धानासाठी सर्वसाधारण शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि ५० किलो पालाश अशी आहे. १०० किलो नत्र म्हणजे सुमारे २१७ किलो युरिया, एकराला ४५ किलोच्या दोन गोण्यांहून थोडा कमी. डीएपी दिले असेल तर त्यातले नत्र वजा जाता आणखी कमी. तोही अर्धा रोवणीला आणि उरलेला फुटव्यांच्या व लोंबी धरण्याच्या वेळी वाटून द्यायचा असतो. प्रत्यक्षात सवलतीचा युरिया स्वस्त आणि पालाश महाग, म्हणून एक मूठ वाढते आणि दुसरी आखडते. नत्राने पान मऊ, लुसलुशीत, गडद हिरवे होते, पीक दाटते, आत हवा खेळत नाही. करपा, कडा करपा, पर्णकोष करपा आणि तुडतुडे या चौघांनाही हीच स्थिती मानवते. जिल्ह्यातील धानाच्या रोगांचा सर्वांत मोठा एकच दोषी शोधायचा तर तो बुरशी नाही, ती वेळी-अवेळी उधळलेली युरियाची गोणी आहे.

कडा करपा ओळखण्याची एक चाचणी घरच्या घरी होते. या रोगात पान टोकाकडून आणि कडेने पिवळे-पांढरे होत खाली येते आणि निरोगी हिरव्या भागाला लागलेली त्याची सीमा नागमोडी असते. पालाशाच्या उणिवेतही कडा वाळतात, वाऱ्याने घासल्यावरही वाळतात. शंका असेल तेव्हा त्या नागमोडी सीमेवरचा पानाचा तुकडा कापावा आणि काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरावा. पेला उजेडासमोर ठेवला की पाच-दहा मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधी धागा पाण्यात उतरताना दिसतो. तो झँथोमोनास जिवाणूंचा लोंढा असतो. धागा दिसला नाही तर कारण दुसरे शोधावे. हा रोग वादळी पावसाने, पानांच्या जखमांतून आणि एका बांधीतून दुसरीत वाहणाऱ्या पाण्यातून पसरतो, म्हणून रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांची टोके खुडणे टाळावे. रोपांवर तो लवकर आला तर चूडच्या चूड कोमेजतात. त्या अवस्थेला क्रेसेक म्हणतात.

कडा करप्यावर बरे करणारे औषध नाही, हे स्पष्ट म्हटलेले चांगले. १० लिटरला २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि थोडे स्ट्रेप्टोसायक्लिन अशी शिफारस वर्षानुवर्षे छापली गेली, पण त्याने रोगाचा वेग फार तर मंदावतो. शिवाय स्ट्रेप्टोमायसिन हे माणसाच्या क्षयरोगावरचे प्रतिजैविक आहे. शेतीतील त्याचा वापर थांबवण्याच्या दिशेने केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये मसुदा आदेशही काढला. खरा उपाय वाणात आहे. हैदराबादची भात संशोधन संस्था आणि सीसीएमबी ही पेशीजीवशास्त्राची संस्था यांनी मिळून सांबा मसुरीत तीन प्रतिकारक जनुके संकराने आणली आणि २००८ मध्ये सुधारित सांबा मसुरी प्रसारित झाली. दाणा बारीकच राहिला आणि रोग आटोक्यात आला.

पर्णकोष करपा पानावर शोधला तर सापडत नाही. तो पाण्याच्या पातळीजवळ, खोडाला वेढणाऱ्या पानाच्या आवरणावर हिरवट-राखाडी लांबट चट्ट्यांनी सुरू होतो आणि चट्टे एकमेकांत मिसळून सापाच्या कातडीसारखी नक्षी उमटते. बुरशीचे मोहरीएवढे तपकिरी गोळे जमिनीत आणि तणसात वर्षभर टिकतात, चिखलणीत पाण्यावर तरंगतात आणि वाऱ्याने एका कोपऱ्यात जमा होतात. म्हणून रोगाचे पहिले आळे बहुधा बांधीच्या त्या कोपऱ्यात दिसते. तिथला फेस आणि काडीकचरा चिखलणीनंतर जाळीने काढून नष्ट केला, बांधावरचे गवत आणि लव्हाळा कापला आणि पीक फार दाट रोवले नाही, तर निम्मे काम होते. फवारणीसाठी ५ टक्के हेक्झाकोनाझोल १० लिटरला २० मिली किंवा व्हॅलिडामायसिन वापरतात, मात्र नोझल चुडाच्या बुडाकडे रोखलेले हवे.

किडींनी केलेल्या खुणा रोगासारख्याच दिसतात, त्यामुळे त्यांना वगळून रोगाचा आढावा पुरा होत नाही. पूर्व विदर्भात गादमाशी ही जुनी डोकेदुखी आहे. ढगाळ, रिमझिम पावसाच्या ऑगस्ट-सप्टेंबरात तिची अळी फुटव्याच्या वाढबिंदूत शिरते आणि पानाऐवजी पोकळ, चंदेरी पोंगा बाहेर येतो. त्या फुटव्याला लोंबी कधीच येत नाही. पोंगा दिसला तेव्हा माशी बहुधा निघून गेलेली असते, म्हणून दिसलेल्या पोंग्यावर औषध मारण्यात अर्थ नाही. पाच टक्के फुटवे पोंग्याचे झाले की पुढची पिढी रोखण्यासाठी दाणेदार कीटकनाशक, तेही बांधीत थोडे पाणी असताना, द्यायचे. उशिरा झालेली रोवणी या माशीला अधिक बळी पडते.

निसवल्यानंतर पांढऱ्या लोंब्या दिसू लागल्या की गावात एकच नाव घेतले जाते, पण त्यांची कारणे दोन आहेत. पांढरी लोंबी हळूच वर ओढावी. ती सहज सुटून हातात आली, सरळ उभी आणि पूर्ण पोचट होती, खाली काडी कुरतडलेली आणि भुसा दिसला, तर तो खोडकिडा. ओढताना सुटत नाही, पण मानेजवळ काळपट-राखाडी पट्टा आहे, लोंबी तिथून मोडून लोंबते आणि काही दाणे अर्धवट भरलेले आहेत, तर तो मानेवरचा करपा. पहिल्यात पुढच्या हंगामासाठी कामगंध सापळे आणि ट्रायकोग्रामाची अंडी यांचा विचार करायचा, दुसऱ्यात बुरशीनाशकाची वेळ चुकली हे नोंदवून ठेवायचे. मानेचा करपा रोखणारी फवारणी लोंबी निसवू लागताना करायची असते. मान काळी झाल्यावर केलेला खर्च वाया जातो.

तीच गोष्ट आभासमय काजळीची. दाण्याच्या जागी केशरी, मग हिरवट-काळा, मखमली गोळा दिसतो. पूर्वी काही ठिकाणी याला लक्ष्मी रोग म्हणत, कारण तो भरघोस वर्षी येई. बुरशी फुलोऱ्याआधी शिरते, त्यामुळे २५ टक्के प्रोपिकोनाझोल १० लिटरला १० मिली ही फवारणी पोटरीत करावी लागते. गोळे दिसल्यावर ते पिशवीत अलगद काढून जाळणे आणि त्या बांधीचे बी न धरणे एवढेच हातात उरते.

ऑक्टोबरात कापणीच्या तोंडावर पीक गोल आळ्यांत तपकिरी होऊन वाळले, तर आधी चूड बाजूला सारून पाण्याच्या वरची चार बोटे पाहावीत. तिथे तपकिरी तुडतुडे चिकटलेले दिसतील. चूड झटकले की ते पाण्यावर पडतात आणि मोजता येतात. फुटव्यांच्या काळात चुडाला दहाच्या आसपास ही धोक्याची पातळी. बांधीतले पाणी तीन-चार दिवस काढून टाकणे आणि रोवणीतच दर दोन-तीन मीटरवर हातभर पट्टा मोकळा सोडणे हे बिनपैशाचे उपाय आहेत. गरज पडल्यास ५० टक्के पायमेट्रोझिन १० लिटरला ६ ग्रॅम. सायपरमेथ्रिनसारखी कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधे मात्र टाळावीत. ती तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि मिरिड ढेकूण मारतात आणि पंधरवड्यात तुडतुडे आधीपेक्षा जास्त होतात.

औषध योग्य निवडूनही फसते ते मापामुळे. वरील प्रमाणे हेक्टरी सुमारे ५०० लिटर पाणी धरून आहेत, म्हणजे एकरी २०० लिटर, १६ लिटरच्या पंपाचे बारा-तेरा पंप. सहा पंपांत एकर उरकले तर औषध निम्मेच पडते आणि चुडाच्या बुडाशी पोहोचतच नाही. एकाच पंपात बुरशीनाशक, कीटकनाशक आणि ‘टॉनिक’ एकत्र घालण्याची पद्धतही घातक आहे: नेमके काय लागू पडले हे कळत नाही आणि फवारणाऱ्याच्या अंगावर उडणारे मिश्रण काय आहे तेही कळत नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक जणांचा जीव गेला. छातीपर्यंत वाढलेल्या धानात, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, उघड्या अंगाने फवारणे यात धोका तोच आहे.

आता हरळी. बांधीतून जी खणून काढली जाते, तीच लॉनवर पैसे देऊन लावली जाते, आणि तिच्या दुखण्याचा तर्क धानासारखाच चालतो. पावसाळ्यात हातभर रुंदीचे गोल तपकिरी चट्टे पडले आणि सकाळच्या दवात त्यांच्या कडेला धुरकट वळे दिसले तर ती रायझोक्टोनिया. नत्र थांबवावे, पाणी संध्याकाळऐवजी पहाटे द्यावे. रुपयाएवढे फिकट ठिपके आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी बुरशी दिसली तर तो डॉलर स्पॉट, आणि इथे उपाय उलटा आहे. हा रोग नत्र कमी पडल्याने बळावतो, म्हणून थोडे खत देणे हेच औषध. लग्नसराईत मंडपाखाली आठवडाभर झाकलेली, खुर्च्यांनी आणि पायांनी दाबलेली हरळी पिवळी पडते ती रोगाने नव्हे. तिला ऊन हवे, काट्याने जमीन भोसकून सैल करणे हवे आणि वर वाळूमिश्रित शेणखताचा पातळ थर हवा. दाट सावलीत ती कोणत्याही औषधाने वाढणार नाही. कापणी एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त करू नये, आणि यंत्राचे पाते बोथट असेल तर फाटलेली टोके पांढरी पडून रोगाचा भास होतो. चट्ट्यातले गवत ओढल्यावर मुळांशिवाय सपाट उचलले गेले तर खाली हुमणी असते. तिच्यासाठी मेटारायझियम ही बुरशी पहिल्या पावसानंतर, अळ्या लहान असतानाच, ओल्या मातीत मिसळावी लागते. सप्टेंबरपर्यंत अळ्या जाड झाल्या की तिचा परिणाम फारसा होत नाही.